डावं पुढचं चाक

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! स्टँडवर मला बघताच ताई म्हणाली की वाळलीस. मी म्हटलं, माझ्या वाटणीचं तू खाल्लंस ना. तिच्या खोलीत एक खाट आणि चढाच्या रस्त्यावर उघडणारी एक खिडकी आहे. दोघी बहिणींना पुरे.

कामावर आजच रुजू झाले. गॅरेज म्हणजे लांबलचक हॉल. त्यात शर्यतीत पळतात तसल्या बुटक्या, महागड्या गाड्या. एका टोकाला काचेचं ऑफिस, तिथे ताई फोन घेते. मालकीणबाई कमी बोलतात, मिस्त्री त्याहून कमी. पण दुपारपर्यंत त्यांनी माझं नाव ‘चकचकबाई’ ठेवलं, म्हणजे माणूस बरा असावा.

माझ्याकडे फक्त चाकं. या गाड्यांचे ब्रेक दणकट. जोरात दाबले की पॅड आणि डिस्क घासून झिजतात आणि ती काळी पूड चाकावर बसते. नुसत्या पाण्याने जात नाही, फडक्याने घासली तर चरे पडतात. आधी चाक थंड होऊ द्यायचं, मग फवारा मारायचा. फवारा दिसतो पाण्यासारखा, पण पुडीतल्या लोखंडाला लागला की जांभळा होऊन ओघळतो. पहिल्यांदा बघून मी ‘अगं बाई, लागलं!’ म्हणणारच होते. मग मऊ ब्रश, नटांच्या खाचांत बारका ब्रश आणि भरपूर पाणी. आई म्हणायची, ही जन्माला येतानाच फडकं घेऊन आली. खोटं नाही ते.

बुधवार, ५

हॉलच्या टोकाला, ऑफिसकडे तोंड करून, एक राखाडी गाडी उभी असते. तिच्या डाव्या पुढच्या चाकाला हात लावायचा नाही, असं मिस्त्रींनी बजावलं. का, ते विचारलं तर पाना शोधायला निघून गेले. तीन चाकं आरशासारखी आणि हे एक काळंकुट्ट! दातात काहीतरी अडकावं तसं माझं लक्ष सारखं तिकडेच.

संध्याकाळी ताईला विचारलं. चाकाचं तिलाही माहीत नाही, पण गाडी साहेबांची, म्हणजे मालकीणबाईंच्या नवऱ्याची. दोन वर्षांपूर्वी ताई चढावर रस्ता ओलांडत होती आणि वरून ते भरधाव आले. ब्रेक किंचाळले. ताईपासून वीतभर अंतरावर गाडी गर्रकन वळली आणि भिंतीवर आदळली. साहेब जागीच गेले; गाडी नंतर दुरुस्त करून इथे आणून ठेवली. ताईला साधा ओरखडा नाही. मालकीणबाईंनी तिला बोल लावला नाही, उलट नोकरी दिली. ताई हे हसत हसत सांगत होती, पण घासलेला पेला तिने तीनदा विसळला. त्या माणसाचे उपकार मी कसे विसरेन? त्यांनी ब्रेक दाबला म्हणून मला बहीण आहे.

शुक्रवार, ७

केलं! मिस्त्री जेवायला गेले होते आणि मालकीणबाई आल्या नव्हत्या. ज्यांनी ताईला वाचवलं त्यांच्या गाडीचं चाक असं घाणीत ठेवायचं, हे मला पटेना. मालकीणबाई खूश होतील असंच वाटलं.

फवारा मारला तर जांभळे ओघळ थांबेचनात. पार मोरीच्या जाळीपर्यंत गेले. आता चाकात तोंड बघावं असं झालंय.

एकच गोष्ट. चाक कोमट होतं. गाडी जागची हललेली नाही आणि तिथे ऊनही येत नाही. असेल काहीतरी.

शनिवार, ८

मालकीणबाई रोज सकाळी त्या चाकावर बोट टेकवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज टेकवलं आणि स्वच्छ बोटाकडे बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ती साहेबांच्या शेवटच्या ब्रेकची पूड होती. त्यांनी ब्रेक दाबला, त्याची तेवढीच खूण उरली होती. मग काचेतून ताईकडे बघत हळूच म्हणाल्या, म्हणजे आता त्यांनी दाबलाच नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. शब्द मात्र डोक्यातून जात नाहीत.

सोमवार, १०

ताईला सकाळपासून जळका वास येतोय. मला येत नाही. खूप खोकते. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे.

तिच्या रुमालावर काळं पडलं होतं. बोटांनी चोळून पाहिलं. ही पूड मी झोपेतही ओळखेन. तरी रुमालावर फवारा मारला.

जांभळा झाला.

मंगळवार, ११

ताई चढावर कोसळली. भोवती एकही गाडी नव्हती. कमरेवर रुंद काळानिळा पट्टा उठलाय. ती म्हणते, टेबलाचा कोपरा लागला असेल. टेबलाच्या कोपऱ्याला टायरची नक्षी नसते.

मी पुसलं ते. माझ्या या हातांनी.

बुधवार, १२

मोरीच्या खड्ड्यातला सगळा गाळ उपसला. चाकाला लावला. ओघळून गेला. इतर चाकांची पूड आणून लावली. ठरत नाही.

मिस्त्रींना सगळं सांगितलं. हसले नाहीत. राखाडी गाडीत बसून त्यांनी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला. ऑइल आहे, पॅड आहेत, नळ्या शाबूत. सगळं जागेवर, आणि ब्रेक नाही.

गुरुवार, १३

ताई ऑफिसात टेबलावर वाकली होती. श्वास घेता येत नव्हता. काचेतून बघितलं आणि दुसरं काही सुचलं नाही. धावत जाऊन गाडीत बसले, सगळा जीव लावून पेडल दाबलं —

लागलं! माझ्या पायाखाली ब्रेक लागला. काचेपलीकडे ताईने श्वास घेतला.

पाय सैल केला, तशी ती पुन्हा वाकली. दाबला, सरळ झाली.

मिस्त्रींनी पाय ठेवून पाहिला. त्यांचा तळाला गेला, ताई खाली पडली. माझाच पाय हवा. मी पुसला, मीच दाबायचा.

गुरुवार, दुपार

वही मांडीवर. अक्षर वेडंवाकडं. पायाला मुंग्या, मग मुंग्याही नाहीत. मिस्त्री मालकीणबाईंना आणायला गेलेत. त्यांना काही माहीत असेल तर —

किल्ली नाही. इंजीन बंद. तरी वेगाचा काटा वर चढतोय.

जळका वास. आता मलाही.

पेडल हळूहळू खाली जातंय. बोटभर उरलंय —

ताई उठली. बरं वाटतंय तिला. इकडेच येतेय, डबा घेऊन. मी जेवले नाही म्हणून रागावली असणार —

नको. ताई, इकडे नको. गाडीची काच खाली होत नाही. ओरडतेय, तिला ऐकू जात नाही —

गाडीसमोर उभी राहिली. कमरेवर हात. हसतेय. वीतभरच अंतर —

बाजूला हो ना गं

दाबतेय ताई, मी दाबतेय, दोन्ही पायांनी द