ठशांच्या डब्यातल्या गोळ्या

२ जून, सोम.
सरूच्या मेंदूतल्या शिरेला फुगा. फुग्याचं तोंड रुंद. तो बुजवायला आत नुसती तार भरली तर ती बाहेर येईल, म्हणून आधी शिरेत स्टेंट, जाळीची नळी. जाळीवर रक्त गोठू नये म्हणून आजपासूनच ते पातळ करायचं. सकाळी दोन गोळ्या, एकही चुकवायची नाही. ऑपरेशनची तारीख १०. तोवर फुटला तर... नको.
बायकोच्या गोळ्या मी देणार, असं लेकीला, शैलाला, सांगितलं.

५ जून, गुरु.
हाताला धरून उठवलं, तर सरूच्या दंडावर निळा डाग. दुपारी दुसरा. आम्ही रंगारी. रंग पातळ झाला की छापाबाहेर पसरतो. डोक्यातही असंच पसरलं तर?

६ जून, शुक्र.
एकच गोळी दिली. दुसरी वडिलांच्या, कापडावर छापायच्या लाकडी ठशांच्या डब्यात.
"आज एकच?" सरूने विचारलं.
"डॉक्टरांनी कमी केली."
"कधी भेटलात त्यांना?"
पाण्याचा पेला पुढे केला.

८ जून, रवि.
डब्यात तीन. नवा डाग नाही.

९ जून, सोम.
आज चौथी ठेवली. दवाखान्यात भरती, रक्त तपासलं. हवं तसं पातळ नाही. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली का?
शैला म्हणाली, "चान्सच इल्ला सर! अप्पा घड्याळ लावून देतात."
सरू माझ्याकडे बघत होती.
डॉक्टर म्हणाले, मग हिला ही गोळी लागू पडत नाही, जास्त जोराची देऊन उद्याच करू. म्हणजे माझ्या खोट्यापायी तिला आणखी जोराचं औषध. सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "अज्जा, सांगितलंत ते बरं केलंत." पण रोज दोन्ही गोळ्या देऊन रक्त पातळ व्हायला हवं; आता १७ तारीख, तोवर घरी.
रिक्षात शैला पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.
सरू म्हणाली, "चाळीस वर्षं तुमच्या हातांवरचा निळा रंग धुतला, आणि दोन डागांना भ्यालात?"

१० जून, मंगळ.
आज झालं असतं. माझ्यामुळे सात दिवस जास्त. सरू शिंकली तरी दचकतो.
शैलाने गोळ्या स्वतःकडे घेतल्या. सरू अडून बसली, "ह्यांच्याच हातून घेणार." शैला वैतागली, "अय्यो आई, साकु! पुरे झालं!" आणि पाकीट माझ्यापुढे आपटलं.

१२ जून, गुरु.
दोन्ही दिल्या. गिळून तिने तोंड उघडून दाखवलं.
कोपराखाली नवा डाग. पसरतोय का कळावं म्हणून पेनाने कडेने रेघ आखली.
"रेघ झाली, आता आत फूल छापू नका," सरू म्हणाली.
संध्याकाळी पाहिलं. रेघेच्या किंचित बाहेर. की रेघच चुकली?
उद्याच्या दोन गोळ्या वाटीत काढून ठेवल्यात.