मी गाळलेला अंक

सर, तुमच्या मासिकाचा इतिहास मी लिहिला, तोही बराचसा तुमच्याच स्वयंपाकघरात बसून. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. मी कॉलेजात नवीन लागले होते, प्रबंधाला विषय हवा होता. महायुद्ध चालू असताना रत्नागिरीतून परराष्ट्र राजकारणावर मासिक निघायचं आणि ते शाळेतले इंग्रजीचे एक शिक्षक एकटे काढायचे, यावर पुण्याच्या माझ्या मार्गदर्शकांचा विश्वास बसेना. तुम्ही मात्र जुन्या लुगड्यात बांधलेला सगळा गठ्ठा माझ्या हवाली केलात. मागच्या पडवीतून वाळत घातलेल्या आमसुलांचा वास येतोय, काकू कुळीथ निवडताहेत आणि तुम्ही सांगताय, कागद मिळेनासा झाल्यावर आठ पानांवर कसे आलात, नकाशाचा ठसा सुताराकडून फणसाच्या लाकडात कसा कोरून घेतलात.

त्या गठ्ठ्यात तुमचा एक लेख होता. जपानी फौजा आपल्याला सोडवायला येताहेत, त्यांचं स्वागत करा, असं लिहिलेला. आणि लगेच पुढच्या अंकात पहिल्याच पानावर तुमचा कबुलीजबाब. संगमेश्वराकडची एक बाई चालत तुमच्याकडे आली होती. मुलगा सिंगापूरच्या पलटणीत, चार महिने पत्र नाही. तुमच्या नकाशावर बोट ठेवून तिने विचारलं, "मास्तर, माजा पोर यात कुटं हाय?" तुम्ही लिहिलं होतं, मी चुकलो, ज्या विजयाचे बाण मी हौसेने काढले, ते हिच्या मुलाच्या अंगावरून गेले आहेत.

मी तेवढंच पान गाळलं. जपानला भुललेला संपादक माझ्या प्रबंधाच्या प्रकरणात छान बसत होता, चूक कबूल करणारा बसत नव्हता. त्याच मजकुराचा लेख मी एका दिवाळी अंकात दिला. तो गावात वाचला गेला. वाचनालयात कोणी तरी तुम्हाला हसत विचारलं, "काय मास्तर, जपान काय म्हणतो?" त्या दिवसापासून तुम्ही तिकडे जायचं सोडलंत, हे मला काकूंनी सांगितलं.

मी भेटायला आले तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. "पुढचा अंक बघितला नाहीस गो?" एवढंच विचारलंत.

"गठ्ठ्यात नव्हता, सर."

"नसेल. वाळवी लागली असेल. मीच नीट ठेवायला हवा होता."

तो अंक तेव्हा माझ्या घरी, माझ्या टिपणांच्या वहीत होता. खोटं उघडं पडू नये म्हणून नंतर बाकीचा गठ्ठा परत करताना मी तो ठेवून घेतला. वर्षभरात तुम्ही गेलात. शोकसभेत तुमची विद्यार्थिनी म्हणून मी बोलले, आणि तिथेही त्या पानाबद्दल बोलले नाही. पुढे प्रबंधाचं पुस्तक झालं, दुसरी आवृत्ती निघाली. दोन्ही वेळा एक परिच्छेद घालता आला असता.

आता मी निवृत्त झाले आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असं म्हटलं तर तीही सबबच होईल. तुमची मुलगी माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. बाजारात भेटली की सोबतच्या माणसाला सांगते, "बाबांवर पुस्तक लिहिलं ते ह्यांनी." मी मान डोलावते.