आत ओढलेला हो

ती. मार्गिटवन्संना धाकट्या भावजयीचा, म्हणजे एल्सीचा, वाकून नमस्कार. (वाकले खरी, पण कंबर अजून तिथेच अडकली आहे, तेव्हा पुढचं पत्र बसून लिहिते.) तुमचा गुडघा कसा आहे? गोथेनबर्गची ओली हवा त्याला कधीच मानवायची नाही, हे मी तुमच्या लग्नातच म्हटलं होतं. तेव्हा कोणी ऐकलं नाही. तुमचे लेनार्ट आणि तुमचा कुत्रा पुट्टे, दोघांचंही खाणंपिणं नीट चालू असेल. (दोघांत पुट्टे जास्त ऐकतो, असं तुम्हीच लिहिलं होतंत.) इकडे क्लाउडबेरी संपल्या, लिंगनबेरीला लाली चढते आहे, डास गेले पण चिलटं आहेत. बाकी सगळं ठीक.

ठीक म्हटलं, पण तुमचा प्रश्न मी विसरलेली नाही. तुम्ही सरळच विचारलंत की तुमच्या भावाला अजून दिसतं का, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी त्याला बंदूक घेऊन रानात जाऊ द्यायचं का. मागच्या महिन्यात तुम्ही पाठवलेला पुट्टेचा फोटो हातात धरून तो तुम्हाला फोनवर म्हणाला ना, की मार्गिट, तब्येत छान दिसते आहे, फक्त केस जरा वाढलेत? तेव्हाच तुमच्या मनात पाल चुकचुकली असणार. माझ्या मनात ती हिवाळ्यापासून चुकचुकते आहे. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मधोमध डाग धरला आहे. कडेकडेचं दिसेल, समोरचं जाईल. हिल्डिंगने त्यांच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन सांगितलं की डॉक्टरलाच चष्म्याची गरज आहे. अठ्ठेचाळीस वर्षं तो एल्कच्या शिकारीला जातो आहे, एक सोमवार चुकलेला नाही. पण वन्सं, त्या रानात त्याच्याबरोबर आणखी सहा माणसं पांगलेली असतात, आणि त्यांत एक आमची इंगालिल असते. आपली लेक बापाच्या बंदुकीसमोरून चालते आहे, असं स्वप्न मला तीनदा पडलं. हे त्याला सांगायचं कोणी? घरात मी एकटीच आहे.

म्हणून मी एक बेत केला. दरवर्षीसारखी आमची स्टेकेनयोकच्या माळावर कॉफी प्यायला जायची स्वारी ठरलीच होती. मी म्हटलं, यंदा गाडी मी चालवते, माझा हात गंजत चालला आहे. बंधुराज शेजारच्या खुर्चीत रुसलेल्या जावयासारखे बसले. आमचा खेळ तुम्हाला ठाऊकच आहे. रानातलं जनावर जो आधी ओळखेल, त्याला कॉफीत भिजलेल्या चीजचा पहिला तुकडा. रेनडिअर धरायचं नाही, कारण त्याला मालक असतो. शेजाऱ्याची गाय दिसली म्हणून कोणी रानटी जनावर पाहिलं असं म्हणत नाही. आणि सेहेचाळीस वर्षांत मी एकदाही भांडल्याशिवाय त्याला तो तुकडा घेऊ दिलेला नाही. तो नर म्हणाला की मी मादी म्हणणार, तो कोल्हा म्हणाला की मी कुत्रा म्हणणार. एकोणनव्वद साली विल्हेल्मिना गावाच्या वळणावर दिसलं ते लिंक्स होतं की पेट्रोलपंपवाल्याचं मांजर, हा खटला अजून निकालात निघालेला नाही. तर बेत असा की तो चुकला की मी म्हणायचं, हिल्डिंग, ते झाडाचं खोड आहे, आणि तिथूनच बंदुकीवर यायचं.

तो चुकायला फार वेळ लागला नाही. घरापासून वीस किलोमीटरवर वाऱ्याने उलथून पडलेलं एक झाड होतं, मुळं वर काढून. तुमचा भाऊ ताठ झाला. "एल्सी! एल्क! मादी आहे, पिल्लू मागे असणार!" आवाज अगदी लग्नाआधीचा. मी तोंड उघडलं, आणि वन्सं, काय सांगू, शब्द आलाच नाही. ओठांचा चंबू झाला आणि श्वास आत गेला. आपल्याकडे तेवढ्याने हो होतं. (लेनार्ट पहिल्यांदा इथे जेवायला आले आणि परत जाताना म्हणाले होते की सगळ्या घराला दमा आहे, कोणी औषध कसं घेत नाही? आठवतं?) एकदा हो म्हटलं की म्हटलं. मग त्याने एक गरुड पाहिला, तो रस्त्याचा फलक होता. मी श्वास आत घेतला. एक खोकड पाहिलं, ते गाडीचं टायर होतं. श्वास. शेतात बसलेलं एक भलंमोठं अस्वल पाहिलं, ती काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेली गवताची गासडी होती. तेव्हा तर मी दोनदा श्वास घेतला, कारण मला रडू येत होतं आणि ते आत ढकलायचं होतं.

साक्सनेसच्या हॉटेलात कॉफीला थांबलो, तर त्याने अख्ख्या बाकाला आपली शिकार ऐकवली. कोपऱ्यात एक शेतकरी टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने विचारलं, "अस्वल? कुठे म्हणालात?" हिल्डिंग म्हणाला, "लाल कोठाराच्या पलीकडे. आरामात बसलं होतं, गाडीला घाबरलंसुद्धा नाही." त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीकडे पाहिलं. मग तो सावकाश म्हणाला, "हां, ते होय. ते जूनपासून तिथेच असतं." देव त्याचं भलं करो. कोठार त्याचंच होतं हे मला बाहेर त्याच्या गाडीवर लादलेल्या तसल्याच दोन अस्वलांवरून कळलं. चीजचे चारही तुकडे हिल्डिंगने खाल्ले, मी एकही मागितला नाही.

क्लिम्पफेलच्या अलीकडे बर्चचं रान लागतं तिथे तो थर्मासचं झाकण हातात फिरवत होता. मग समोर बघतच म्हणाला, "एल्सी, बंदूक यंदा इंगालिलला देऊन टाकू का?" मी उत्तर जुळवत होते. खरंच जुळवत होते, वन्सं, हळू सांगावं, त्याला लागू नये असं. तेवढ्यात वळणाच्या पलीकडून एक एल्क रस्त्यात येऊन उभं राहिलं. खरंखुरं. घोड्यापेक्षा उंच, डोक्यावर ही फावड्याएवढी शिंगं. माझा श्वास जो आत गेला तो पार टाचांपर्यंत. ब्रेक लागला, कॉफी माझ्या स्कर्टवर सांडली, आणि ते महाशय गाडीला वळसा घालून हिल्डिंगच्या काचेला जवळजवळ घासून झाडांत गेले. तो समोर बघत बसला होता. शेवटी म्हणाला, "बरं. तू हो म्हणालीस, तर देतो."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? ते हो नव्हतं, ते एल्क होतं, असं म्हणावं, तर नाकासमोरून गेलेलं एल्क तुला दिसलं नाही असं म्हणावं लागतं. न म्हणावं, तर त्याची अठ्ठेचाळीस वर्षं मी एका दचकण्यावर काढून घेतली. मी म्हटलं, पाय अवघडला म्हणून थांबले. माळावर वारा होता, बर्फाचे तुकडे अजून सावलीत होते, आम्ही चीजशिवाय कोरडी कॉफी प्यायलो. काल त्याने बंदूक इंगालिलच्या हाती दिली. ती सरपणाच्या खोपटात जाऊन रडली, आणि तो मला म्हणाला की पोरीला सर्दी झालेली दिसते. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: काळजी नसावी. लेनार्टना नमस्कार, पुट्टेला एक हाड.

आपली
एल्सी

ता. क. उत्तर जपून लिहा. हल्ली पत्रं मीच त्याला वाचून दाखवते. मुळं, गासडी, एल्क यांतलं काही तुमच्या पत्रात आलं तर मला वाचता वाचता काहीतरी रचावं लागेल, आणि मला फक्त हवामान रचता येतं.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झालं आणि तो म्हणाला, मार्गिटला काय लिहिलंस, वाच. मी वाचलं; नको ते गाळत, हवामान घालत. पाच मिनिटांत संपलं. तो म्हणाला, "एल्क गाळलंस."

मी म्हटलं, कुठलं एल्क?

"माझ्या काचेजवळून गेलं ते. कडेचं दिसतं मला. मादी होती, शिंगं नव्हती."

आणि वन्सं, सेहेचाळीस वर्षांची सवय, माझ्या तोंडून गेलंच: "मादी? ही एवढाली शिंगं होती! डोळे फुटलेत का तुझे?"

मी जीभ चावली. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. म्हणाला, "हां. आता माझी बायको परत आली." पहिल्यांदा त्या मुळांना एल्क म्हणाला तेव्हा त्याला खरंच एल्क वाटलं होतं. पण मी भांडले नाही. गरुडाला नाही, खोकडाला नाही, आणि अस्वलाला नाही तेव्हा त्याला कळलं की दृष्टी गेली. "डॉक्टरचं मी मानलं नव्हतं," म्हणाला, "पण तू चारदा हो म्हणालीस." मग मी विचारलं, शेवटचं हो नव्हतं हे कळलं होतं तर बंदूक का दिलीस? तो म्हणाला, "तुझ्या ‘हो’चा श्वास वेगळा आणि एल्कचा वेगळा, एवढं मला कळतं गं. पण खरं हो तोंडातून काढायला तुला किती जड जातंय तेही दिसत होतं. म्हटलं, एल्कने काम सोपं केलंय, तर घ्यावं."

ता. क. तिसरा, आणि हे सगळं पत्र खरं तर याच्यासाठीच. सोमवारी टोळी रानात जाईल आणि तो जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघरात बसून बार ऐकेल. माझ्याने एकटीने तो दिवस निघायचा नाही. शनिवारची गाडी धरा. लेनार्टना पुट्टेकडे सोपवा. तो तुम्हाला खिडकीतून जनावरं दाखवील; बहुतेक आमची ढकलगाडी असेल. हात जोडते वन्सं, हो म्हणू नका. भांडा.