भेगेचे सतरा दिवस

दि. ३ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा खोकला कमी आहे. औषध घेतलं का विचारलं, की ते बाटली हलवून दाखवतात.

परवा आत्या येऊन गेली. तुझी चौकशी केली आणि म्हणाली, की पोरगी पाच वर्षं एकाच वर्गात बसली आहे, नापास होते का ते एकदा खरं सांगून टाका. बाबा म्हणाले, डॉक्टरेटला वर्गच नसतात. मग पास कोण करतं, असं तिने विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी, नववीतून शाळा सोडलेला, छताकडे पाहिलं. तेव्हा ही पदवी म्हणजे नेमकं काय, ती कशी मिळते, ते एकदा नीट लिहून कळव. मी आत्याला वाचून दाखवेन.

आणखी एक विचारायचं होतं. परसातल्या भिंतीच्या भेगेच्या दोन्ही बाजूंना तू पितळी खिळे ठोकून गेलीस आणि त्यांच्यामधलं अंतर मी दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ व्हर्निअरने, त्या बारीक रेघांच्या मोजपट्टीने, मोजलं. त्या वह्या तू प्रबंधात किती वापरल्या आहेस? परीक्षक एकेक आकडा पाहतात का? सहज विचारतो आहे. कारखान्यात लेथवर उभा असताना असलं काहीबाही डोक्यात येतं आणि मग कामात लक्ष लागत नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
धाकटा

---

दि. ९ मार्च

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

तुझं ‘सहज’ मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी सहज म्हणून तू दाराची कडी सात वेळा तपासायचास.

आत्याला सांग, की आजवर कोणालाच माहीत नसलेली एक गोष्ट शोधायची. ती अगदी नखाएवढी असली तरी चालते. पण ती अशी मांडायची, की कोणीही आपल्या हाताने पडताळून पाहावी. एवढं केलं की डॉक्टरेट. एवढ्यासाठी आधी प्रवेश परीक्षा द्यायची, मार्गदर्शक मिळवायचा, विषय समितीकडून मंजूर करून घ्यायचा. मग दर सहा महिन्यांनी त्यांच्यापुढे उभं राहून काय केलं ते सांगायचं, आणि ते बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. शेवटी प्रबंध लिहायचा. तो बाहेरच्या दोन परीक्षकांकडे जातो. त्यांना पटला तर तोंडी परीक्षा. ती सर्वांसमक्ष असते, कोणीही उठून प्रश्न विचारू शकतं. आत्याला त्या दिवशी घरीच ठेवा.

माझी नखाएवढी गोष्ट म्हणजे जुन्या विटांच्या भिंतीतली भेग थंडी-उन्हात कशी उघडमीट करते ती. आणि ऐक, तुझ्या वह्यांवर माझं अख्खं चौथं प्रकरण उभं आहे. गेल्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली, त्या सतरा दिवसांत आपली भेग जवळजवळ हललीच नाही. मी मोजलेल्या इतर सगळ्या भिंतींच्या भेगा रुंदावल्या, आपली तेवढी गप्प. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, प्रबंधाचा जीव इथेच आहे. एकतीस तारखेला प्रबंध सादर करते आहे. आभारांत तुझा उल्लेख पहिला.

बाबांची बाटली तूच हातात घेऊन पाहा. माया आहेच, पत्राने मोजू नकोस.

तुझी,
ताई

---

दि. १२ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं आहे. आता जसं येईल तसं लिहितो.

ते सतरा दिवस मी घरी नव्हतो. कारखान्याने मला दुसऱ्या गावी यंत्र बसवायला पाठवलं होतं. तुला कळवलं नाही, कारण दोन दिवसांचं काम म्हणून गेलो होतो. बाबांना व्हर्निअर वाचता येत नाही. परत आलो तर वहीत चौतीस रकाने कोरे.

आमच्याकडे प्रत्येक नगाच्या तपासणीचा तक्ता असतो. त्यात एक रकाना कोरा राहिला, की फोरमन सगळ्यांसमोर विचारतो, झोपला होतास का. म्हणून कोणी कोरा ठेवत नाही. माप घ्यायचं राहिलं, की आधीच्या नगाचं थोडं इकडे-तिकडे करून भरतात. मीही तेच केलं. जायच्या आदल्या दिवसाचा आकडा घेतला आणि कुठे मिलिमीटरचे दोन, कुठे चार शतांश कमीजास्त करत गेलो. खरं वाटावं म्हणून एका दिवसासाठी शाईसुद्धा बदलली. खोटं कामही मी नीटनेटकंच केलं, ताई. याचीच मला जास्त लाज वाटते.

म्हणजे भेग गप्प नव्हती. मीच तिथे नव्हतो. बाकी एकूण एक आकडा हाताने मोजलेला आहे. पण आता हे तू का मानावंस, तेही मला कळत नाही. बाईंना मी स्वतः लिहू का? पत्ता कळव.

रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
धाकटा

---

दि. २६ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पहिले तीन दिवस तुला लिहिण्यासारखं माझ्याकडे काही चांगलं नव्हतं. एकदा मनात आलं, की पत्र जाळून टाकावं आणि एकतीस तारखेला प्रबंध देऊन मोकळं व्हावं. कोणाला कळणार होतं? मग तोंडी परीक्षेला मी काय बोलेन ते मनात म्हणून पाहिलं. पहिल्याच वाक्याला अडखळले.

बाईंना पत्र दाखवलं. नोंदी कोणी घेतल्या, असं त्यांनी विचारलं. माझ्या भावाने, असं मी सांगितलं.  मग दोघींनी बसून तुझ्या उरलेल्या सगळ्या नोंदी त्या-त्या दिवसाच्या तापमानाशी ताडून पाहिल्या. त्या जुळतात. पण सतरा दिवस गळाले, तशी ती गप्प भेगही गेली. चौथं प्रकरण गेलं. पुढचा हिवाळा पुन्हा मोजायचा, समितीने वर्षाची मुदत दिली आहे. खिळे उपटले नसशील अशी आशा आहे.

घरी सांग, की बाईंना वेळ नाही म्हणून लांबलं. तुझं नाव काढायची गरज नाही.

माया कमी झालेली नाही, दमली आहे थोडी.

तुझी,
ताई

---

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाईंना वेळ नाही, असं मी घरी सांगितलं नाही. रविवारी आत्या असतानाच बाबांना तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली, आणि मी तुला काय लिहिलं होतं ते त्याआधी तोंडी सांगितलं. आत्या म्हणाली, म्हणजे नापास हा झाला! मी म्हटलं, हो.

बाबा उठले. चष्मा लावला आणि परसात जाऊन भिंतीपुढे उभे राहिले. थोड्या वेळाने तिथूनच मला हाक मारून म्हणाले, ते यंत्र आण आणि कसं वाचतात ते दाखव, उद्या तुला परत कुठे पाठवलं तर? पाऊण तास शिकवलं. रेघा जुळताना पाहून ते लहान मुलासारखे हसले आणि मग खोकले.

हिवाळ्याला अवकाश आहे, पण आम्ही कालपासून सुरुवात केली. संध्याकाळी बाबांनी एकदा मोजलं, मी एकदा. आमच्यात चार शतांशांचा फरक आला. पुन्हा मोजलं, तरी तेवढाच. बाबा म्हणाले, तुझंच लिही.

मी दोन्ही लिहिले आहेत.

दमलेली माया पुरेल. उत्तर सवडीने लिही.

तुझा,
धाकटा