डोहातलं अभयदान

मंचर, ३ सप्टेंबर २०२४

चि. खुशबूस काकाचे अनेक आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

चातुर्मासात मोबाइल सोडलाय, म्हणून हे पत्र दुधाच्या गाडीवाल्या हौशीरामाच्या हाती. काकू विचारते, संशोधनासाठी माशांची मापं घेऊन झाली असतील तर पोरगी पारण्याला घरी येणार का.

आनंदाची बातमी. पर्युषणाचं अभयदान म्हणून काल बाजारातले एकशे आठ मासे सोडवले. बाकीचे बर्फात मेलेले, हेच तेवढे ड्रममध्ये जिवंत होते. सारे तुझ्या निरगुडसरच्या डोहात सोडले. आठ वर्षांपूर्वी त्याच काठावर मी तासभर बोललो होतो, आणि सोपान भोयासकट गावानं डोहात जाळं न टाकण्याचा शब्द दिला होता. इतकी निर्भय जागा तालुक्यात दुसरी नाही. मासे सुळकन दिसेनासे झाले आणि माझे डोळे भरून आले.

लोभ ठेव आणि वेळेवर जेव.
पुनमचंदकाका

निरगुडसर, ४ सप्टेंबर

ती. काकांस खुशबूचा नमस्कार.

ते मासे काळे, बिनखवल्यांचे, चपट्या डोक्याचे आणि लांब मिशांचे होते का? मग तो परदेशी मागूर. तो पाळायला सरकारची बंदी आहे. पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो, म्हणून बाजारात तोच जिवंत मिळाला. समोर येईल ते खातो.

मी दोन वर्षं जिच्या मागावर आहे ती खडशी, म्हणजे आपला महाशीर, याच डोहात आहे. माझ्या कमरेला लागेल एवढी लांब. घोड नदीच्या या भागात एवढी दुसरी मला दिसलेली नाही. यंदा काठच्या उथळ पाण्यात पिल्लं आहेत, बोटाच्या पेराएवढी.

आजच जाळं लावायला हवं. सोपानभाऊ नाही म्हणतात. शेटला शबुद दिलाय, शेटनंच सोडवावा, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही एक ओळ लिहा. धरणातून पाणी सुटलं की मागूर नदीभर पसरतील. मला फार भीती वाटते, काका.

राग आला तरी माया आटू देऊ नका.
खुशबू

मंचर, ५ सप्टेंबर

चि. खुशबूस आशीर्वाद.

होय, मिशा होत्या. म्हणून काय झालं? मिशा बघून अभय द्यायचं का? ज्याला सोडवलं त्यालाच पर्युषणात जाळ्यात घालू? वाघ हरीण खातो म्हणून कुणी वाघ मारला, तर पहिला मोर्चा तूच काढशील. आणि पकडलेल्या माशांचं पुढे काय करणार, हे लिहायला लेखणी का कचरली? ज्या शब्दानं गावाची जाळी थांबवली, तो शब्द पुतणीच्या भीतीपायी मी मोडणार नाही.

रागावलेल्या काकाचाही आशीर्वादच असतो.
पुनमचंदकाका

ता. क. ते खरंच पिल्लं खातात का?

निरगुडसर, ६ सप्टेंबर

ती. काकांस नमस्कार.

होय, खातात. मी जिच्या घरी राहते त्या साळुबाईंना सकाळी धुणं धुताना काठच्या गाळात एक मागूर दिसला. त्यांनी तो धोपटण्यानं मारला. पोट मी फाडलं. आत सदतीस पिल्लं होती. काहींचे खवले अजून चमकत होते. मोजताना मी दोनदा चुकले. लई वंगाळ मासा हाय, साळुबाई म्हणाल्या, येक एवढं खातो तर बाकीचं काय करत असतील.

वाघ इथलाच आहे, काका. हरीण त्याच्यापासून पळायला शिकलंय. या पिल्लांना कुणापासून पळायचं तेच ठाऊक नाही. ती त्या मिशांजवळ खेळतात.

लेखणी कचरली, हे खरं. पकडलेले मागूर मारून चुन्यात पुरायचे असतात. परवा दुपारी धरणातून पाणी सोडणार असल्याची दवंडी झालीय. मोठी खडशी तीन दिवस वर आलेली नाही.

तुमच्या मायेवरच विसंबून आहे.
खुशबू

मंचर, ७ सप्टेंबर

चि. खुशबूस आशीर्वाद.

आज सकाळी जैन स्थानकात माझं व्याख्यान होतं, विषय जीवदया. तोंड उघडलं आणि ती सदतीस पिल्लं डोळ्यांपुढे आली. सभेला सांगितलं की मी कसायाचं काम केलं आणि त्याला दया म्हणालो, कारण ज्याला सोडतोय तो कोण आणि जिथे सोडतोय तिथे कोण राहतं, हे मी विचारलंच नाही.

उद्या संवत्सरी. सकाळी सातला डोहावर येतो. सोपानला चिठ्ठी पाठवत नाही. शब्द काठावर घेतला, काठावरच परत देईन. पहिलं जाळं मी ओढणार. मागूर चुन्यात मीच घालणार, ते पाप सोपानच्या माथी नको. एकशे सात उरलेत. सगळे सापडणार नाहीत, हे मला कळतं. खोटा धीर देऊ नकोस.

दर संवत्सरीला मी साऱ्या जीवांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. आजवर ते तोंडपाठ होतं, भीती कधी वाटली नाही. उद्याची वाटते. क्षमा मागायला समोर कुणीतरी जिवंत लागतं. ती मोठी खडशी वर आली का, ते हौशीरामाकडे सांगून पाठव. आली नसेल तरी सांग.

काकावरची माया उरली असेल तेवढी राहू दे.
पुनमचंद