काटा शून्यावर असताना

मी, बर्फाच्या कारखान्याची मालकीण, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर आहे, हे डॉक्टरांनी आज सकाळी नाडी धरून कबूल केलं आहे. ऐकू जरा कमी येतं, पण तेही सोयीनुसार. मी कोणाच्या दडपणाखाली नाही. मला दडपणं आजवर कोणाला जमलेलं नाही. माझ्यामागे माझ्या मिळकतीचं काय करावं, ते राजीखुशीने लिहून ठेवते. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुन्हा करण्याचा उत्साह नाही, तेव्हा हेच पहिलं आणि शेवटचं समजावं.

कलम एक. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांच्यात निम्मी निम्मी. यात वाद घालण्यासारखं काहीच नाही.

कलम दोन. माझा लोकरीचा कोट, जो भर उन्हाळ्यात घालून हिंडल्यामुळे गल्ली मला अर्धवट समजते, तो आमच्या मेकॅनिकला. त्याला तो तोकडा होईल, पण बर्फाच्या खोलीत मापं बघत बसायला वेळ नसतो.

कलम तीन. बर्फ जमवायच्या डब्यातल्या पाण्याचं तापमान दाखवणारा गोल काटा माझ्या धाकट्या दिरांना. त्यामागचं कारण असं. पाणी शून्य अंशापर्यंत भराभर गार होतं आणि मग काटा तिथेच ठाण मांडून बसतो. मशीन धडधडतंय, वीज जळतेय, काटा ढिम्म. नवख्याला वाटतं, बिघाड झाला. खरं काम तेव्हाच चाललेलं असतं. पाण्याचे कण एरवी इकडून तिकडे घरंगळत असतात. ते एकमेकांना घट्ट धरून जागच्या जागी बसू लागले, की अंगातली उष्णता बाहेर टाकतात. मशीन जेवढी ओढून नेतं तेवढी आतून येत राहते, म्हणून काटा हलत नाही. सगळे कण बसले, की मगच तो खाली उतरतो.

एकदा आमचे हे परगावी होते आणि मी तापाने आडवी होते. भाऊजींनी दुपारभर काट्याकडे बघितलं आणि मशीन बंद केलं. वर येऊन मला म्हणाले, "वहिनी, फुकट वीज जळत होती, मी वाचवली!" संध्याकाळी डबे काढले तर कडेला पापुद्र्याएवढा बर्फ आणि मधे पाणीच पाणी. मासळीवाल्यांनी जे ऐकवलं ते कायद्याच्या कागदावर लिहिण्याजोगं नाही. भाऊजी, काटा जेवायच्या टेबलासमोर लावा. माझा तुमच्यावर राग नाही. थोडा आहे.

याच कलमात हातोड्याचंही लिहिते. बर्फाची लादी डब्याला चिकटलेली असते. डबा साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवला, की कडेचा पातळ थर वितळतो आणि लादी आपोआप निसटते. भाऊजींना तेवढाही धीर नव्हता. त्यांनी हातोडा घेतला. एका डब्याला पडलेले पोचे अजून तसेच आहेत.

कलम चार. आता कारखाना. आमचे हे गेल्यावर मुलाने त्यांचं जुनं मशीन बहिणीला न विचारता भंगारात काढलं. तो म्हणतो, त्यातून गॅस गळत होता, एखाद्याचा जीव गेला असता. ती म्हणते, बाबांनी मला त्याच मशीनवर नट आवळायला शिकवलं, एक फोन करायला काय झालं होतं? दोघांचंही खरं आहे. तेव्हापासून सहा वर्षं दोघांत बोलणं नाही. तो कारखाना चालवतो, तिचं दोन गल्ल्या पलीकडे फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मधे मी. "आई, तिला सांग." "आई, त्याला सांग." मी दोघांची आग ऐकून घेते, त्यातला निरोप तेवढा पुढे पोचवते. शेजारचा गोदामवाला बुधवारी म्हणाला, "कशाला जीव आटवताय? ती दोघं काही हलायची नाहीत. कारखाना मला देऊन मोकळ्या व्हा." मी थकले होते. म्हणून गुरुवारी याच कागदावर लिहिलं, की माझ्यामागे कारखाना गोदामवाल्याला विकावा. हे वाक्य आज मी स्वतः खोडून शेजारी सही केली आहे. वकील म्हणाले, नवा कागद करू. मी नको म्हटलं. किती थोडक्यात वाचलो, ते मुलांना दिसू दे.

कलम पाच. शनिवारी डबे वर उचलायच्या पुलीवरचा माणूस आला नाही. डबे तयार, टेम्पो दारात. या कामाला दोघं लागतातच, एक पुली चालवायला, एक डबा धरायला. मुलगी माझी औषधं घेऊन आली होती. पिशवी पायरीवर ठेवून, बाह्या सारून ती डब्यापाशी उभी राहिली. मी वरच्या खिडकीत होते. बराच वेळ नुसतं "धर", "थांब", "सोड". पण तेवढं तरी माझ्यामार्फत नव्हतं. मग एक लादी निघेना. डबा तोच, भाऊजींचा पोचेवाला. मुलाने वैतागून हातोडा उचलला.

ती म्हणाली, "अरे, ठोकू नकोस. राहू दे अजून पाण्यात."

तो थांबला. मग म्हणाला, "ताई, बाबापण असंच म्हणायचे."

लादी निसटली. मी खिडकीशी बसून रडले आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. सहा वर्षं मी मशीन बंद केलं नाही, हे बरं केलं.

सबब कारखाना दोघांचा, समसमान. दुसऱ्याच्या सहीशिवाय एकाला साधा नटही विकता येणार नाही. हातोडा भंगारात द्यावा, पोचेवाला डबा देऊ नये. दोघं लगेच गोडीने नांदतील असं मी समजत नाही. काटा अजून शून्यावरच आहे, पण शून्याचा मला अनुभव आहे.

साक्षीदार म्हणून मेकॅनिकला बोलावलं होतं, पण कोट मिळणाऱ्याची सही चालत नाही म्हणे. त्याच कारणाने वकिलांनी मुलगा-मुलीलाही बाहेरच्या बाकावर बसवलं आहे. कमी ऐकू येत असूनही मला इथे ऐकू येतंय.

"नवं मशीन तू तिरकं बसवलंयस."

"मग तू ये आणि सरळ करून दाखव."

"येते उद्या. नटांचे पाने धुऊन ठेव."

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि खालील दोघांसमक्ष मी सही करते.

सही: बर्फवाल्या बाई
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. टेम्पोवाले (सही)
दिनांक: ९ मार्च, सोमवार
स्थळ: कारखान्यावरची खोली. खाली मशीन चालू आहे.