सुंठीच्या गळ्यातला पट्टा

टिटवाळा,
४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

घशाचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुझ्या लेकीनं, कल्पितानं फोनवर सांगितलं, जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही असं बजावलंय म्हणे. खरं सांगू, मला आधी हसूच आलं. जन्मात पहिल्यांदा मी बोलणार आणि तू मध्येच माझी वाक्यं दुरुस्त करणार नाहीस. मोबाइलवर टाइप करायचा तुला कंटाळा, तेव्हा आपली पत्रंच बरी.

सुंठी मजेत आहे. मालकाला तिच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून कुत्रीला माहेरपणाला पाठवलंय, असं मी शेजारी सांगितलं तर सगळ्या हसल्या. वहिनी गेल्यापासून तू दिवसभर बोलतोस ते फक्त तिच्याशीच, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

एकच गोष्ट. रविवारी कल्पिता तिला सोडून गेली तेव्हापासून ती सारखी अंग खाजवत होती. काल दिवाणावरची पांढरी चादर झटकली तर काळे ठिपके टणाटण उडाले. पिसवा! तशीच चप्पल घातली आणि स्टेशनजवळच्या दुकानातून पिसवांचा पट्टा घेऊन आले. कुत्रं केवढं म्हणून दुकानदारानं विचारलं, मी हातानं दाखवलं, तर म्हणाला मोठ्या कुत्र्याचाच न्या, त्यात औषध जास्त असतं. सुटू नये म्हणून गळ्यात चांगला ओढून बसवलाय. आता तू तिची काळजी सोड आणि स्वतःची कर.

पेज गरम पिऊ नकोस. मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
प्रमोदिनी


वर्तकनगर, ठाणे,
७ फेब्रुवारी

चि. प्रमोदिनी हिस,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. तुझी वाक्यं मी कधीच दुरुस्त करत नव्हतो, फक्त लवकर संपवत होतो. बोलणं बंद असल्यामुळे घरात भांड्यांचाच आवाज. कल्पिता ऑफिसला गेली की मी सुंठीच्या रिकाम्या गोणपाटाकडे बघून मान हलवतो.

पिसवांचं वाचून नवल वाटलं. आमच्याकडे कधी दिसल्या नाहीत. तुमच्या इमारतीखाली बांधकामाच्या रेतीवर भटकी कुत्री लोळत असतात, तिथूनच आल्या असणार.

पट्टा मात्र तूर्त काढून ठेवलास तर बरं. तसं खास काही कारण नाही. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. उरलेलं टोक कापून टाकायचं, नाहीतर ती चघळत बसते. हात लागला की साबणानं धुवायचा. शिवाय असले पट्टे वजन बघून घ्यायचे असतात, आपली सुंठी ती केवढीशी, मोठ्या कुत्र्याचं औषध तिला झेपायचं नाही. एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा काढूनच ठेव. महिन्याभरात ती इथे आली की मी बघेन.

कल्पिता म्हणाली, फोन करून आत्याला सांगते. मी हातानंच नको म्हटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी तुला कशाला घाबरवायचं?

तब्येतीला जप. आहेस तशीच राहा.

तुझा,
रवींद्र


टिटवाळा,
११ फेब्रुवारी

चि. कल्पिता हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, त्यावरून काय ते ओळख. बाबांच्या हाती पडू देऊ नकोस. फोन करायला किती वेळा हातात घेतला, पण मला रडू फुटलं असतं आणि तूही त्यांच्यासमोरच रडली असतीस.

दादाचं पत्र काल दुपारी आलं. सुंठी शनिवारपासून आजारी आहे.

शनिवारी सकाळी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मला वाटलं ऊन बाधलं. दुपारी खाल्लेलं ओकली, मग मागचे पाय थरथरायला लागले. अंगाला वास येत होता म्हणून शुक्रवारी मी तिला अंघोळ घातली होती, पट्ट्यासकट. रविवारी पट्ट्याखाली बोट घालायला गेले तर बोट जाईना. कसाबसा पट्टा काढला, तर खालचे केस त्याच्याबरोबर निघून आले. गळ्याभोवती लालभडक, ओली जखम. कल्पिता, ती कुंई करतच नव्हती गं. नुसती बघत होती माझ्याकडे.

रिक्षात मांडीवर घेऊन कल्याणला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला धुवून काढलं, सलाईन लावलं. पट्टा बघून म्हणाले, हा दुप्पट वजनाच्या कुत्र्याचा आहे, तरीही नुसत्या पट्ट्यानं इतकं सहसा होत नाही. आणखी कुठलं औषध लावलं होतं का, मानेवर टाकायचे थेंब, फवारा, काही? मी छातीठोकपणे नाही म्हणाले. माझ्या भावाच्या घरी पिसवा नसतातच, असंही ऐकवलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पाकिटावर सगळं लिहिलेलं होतं. अक्षर बारीक होतं आणि चष्मा आतल्या खोलीत होता, एवढंच माझं कारण.

सुंठी अजून त्यांच्याकडेच आहे. खात नाही. दादाचा घसा बरा होईपर्यंत हे तुझ्या-माझ्यात ठेव. तो किंचाळला तर टाके तुटतील आणि गप्प राहिला तर मला बघवणार नाही.

तुझी,
आत्या


ठाणे,
१४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
जयभीम.

काल फोनवर मी डॉक्टरांना द्यायला औषधाचं नाव सांगितलं तेव्हा तू फक्त बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. नंतर तीनदा लावला, तू उचलला नाहीस. म्हणून लिहितेय. वाचून फाडलंस तरी चालेल.

आमच्याकडे पिसवा होत्या. दिवाळीपासून होत्या. माझ्या पायांवर चट्टे उठलेले, मी ऑफिसमध्ये ॲलर्जी सांगायचे. सुंठीला तुझ्याकडे आणायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, बाबांनी तिच्या खांद्यांच्या मध्ये थेंबांची अख्खी ट्यूब ओतली. वर फवारापण मारला. मी समोर होते. बाबा म्हणाले, आत्याला सांगायचं नाही, तिचं घर कसं लखलखीत असतं. मी हो म्हटलं. मला तेव्हा गंमत वाटलेली.

तुझं पट्ट्याचं पत्र आलं तेव्हा बाबांचा चेहरा पडलेला मी बघितला. मी मोबाइल हातात घेतला, त्यांनी हात धरला. मी ऐकलं. एक फोन, आत्या. मी सत्तावीस वर्षांची बाई आहे, मला एक फोन करता आला नाही.

तुझं पत्र मी लपवलं नाही, सॉरी. बाबांना दिलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. डॉक्टरांशी मी बोललेय. ते म्हणाले की ते थेंब आणि पट्टा एकावर एक पडल्यामुळेच हे झालं, आणि ही माहिती आधी मिळाली असती तर बरं झालं असतं.

मला रागाव, पण फोन उचल.

तुझी,
कल्पिता


वर्तकनगर, ठाणे,
१५ फेब्रुवारी

चि. प्रमोदिनी,

तुला जयभीम लिहायला आज हात कचरतोय, तरी जयभीम.

मी खोटं लिहिलं. एकदा नाही, एकाच पत्रात दोनदा. पिसवा आमच्याच होत्या, आणि पट्टा काढ म्हणालो त्याला कारण होतं. ते कारण एका ओळीत मावलं असतं. फोनवर कल्पितानं अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं आणि त्याच दिवशी पट्टा निघाला असता. मी दोन बोटं, साबण, वजन असं सगळं लिहीत बसलो, म्हणजे खरं ते सोडून बाकी सगळं. डॉक्टरांपुढे तू माझ्या भरवशावर छातीठोकपणे नाही म्हणालीस, हे वाचून मला बसवेना.

का केलं असं, हे तुला कळेल, दुसऱ्या कोणाला कळणार नाही. डोंबिवलीच्या शाळेत तू चौथीत होतीस. उवा झाल्या म्हणून बाईंनी तुला महिनाभर एकटीला मागच्या बाकावर बसवलं होतं. तुझ्या शेजारची मुलगीही डोकं खाजवायची. पण आपल्या वस्तीतली मुलगी म्हटल्यावर बाईंना दुसऱ्या कोणाच्या वेण्या तपासाव्याशा वाटल्या नाहीत. तेव्हापासून तू जिथे राहिलीस तिथली फरशी आरशासारखी ठेवलीस. कोणाला बोट दाखवायला जागा म्हणून ठेवली नाहीस. त्या घरात माझी कुत्री पिसवा घेऊन येतेय, हे तुला कसं सांगू, एवढाच विचार डोक्यात होता. तुझी लाज वाचवायला गेलो आणि सगळं तुझ्याच माथी मारलं.

सुंठी वाचली नाही तरी दोष तुझ्याकडे घेऊ नकोस. मला लिही. चार ओळी लिही, नाहीतर शिव्या लिही.

तुझा अपराधी,
दादा


टिटवाळा,
२२ फेब्रुवारी

ती. दादास,
जयभीम.

आठवडाभर मुद्दाम लिहिलं नाही. तू वाट बघावीस असं वाटत होतं. आता तेही वाईट वाटतंय.

सुंठी बुधवारी घरी आली. तिथे डॉक्टर हातानं भरवायचे, इथे आल्यावर दहीभात स्वतः चाटून खाल्ला. चालताना मागचा पाय अजून किंचित ओढते, तो सुधारेल म्हणतात. गळ्याभोवती मात्र केस नाहीत, गुलाबी कातडं दिसतं. तिथे केस परत येतीलच असं डॉक्टर सांगत नाहीत. मी रोज मलम लावते आणि रोज तिची माफी मागते. ती शेपटी हलवते, त्यानं आणखी लाज वाटते.

डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. एका वेळी एकच औषध. थेंब टाकले असतील तर त्यांच्यावर पट्टा नाही, किती दिवसांनी चालेल ते त्यांना विचारायचं. पट्टा घातला तरी रोज एकदा सरकवून खालची कातडी बघायची, लाल दिसली की लगेच काढायचा. आणि नुसतं कुत्र्याला औषध करून भागत नाही, अंथरुणं गरम पाण्यात धुवायची, कोपरे झाडायचे. म्हणजे तुझ्या घरी दिवाळीपासून त्या का गेल्या नाहीत ते आता कळलं ना? ते गोणपाट आधी फेकून दे.

तुझ्या पत्रावर मी रागावले ते खोटं बोललास म्हणून नाही. मला काय सहन होईल, हे माझ्याऐवजी तू ठरवलंस म्हणून. पट्टा मी ओढून घट्ट केला, तो माझ्या हातानं. माझा वाटा माझ्याकडे राहू दे. सगळा तू नेलास तर मला सुंठीकडे बघता येणार नाही.

काल घरातल्या सगळ्या चादरी, अभ्रे, पडदेसुद्धा उकळत्या पाण्यात काढून गॅलरीत वाळत घातले. समोरच्या मेघनाताई दारात येऊन म्हणाल्या, एवढं काय धुताय, कोणी पाहुणे येणारेत का? माझ्या तोंडात हो आलेलं होतं. मग म्हटलं, नाही, पिसवा झाल्यात. जिन्यात, चांगलं मोठ्यानं. खालच्या मजल्यावरून वर येणारे दोघं थांबले. मेघनाताई जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या की आमच्या सोफ्यातही आहेत, तुम्ही काय करताय?

मी त्यांना आत बोलावलं, चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. पट्ट्याचंसुद्धा.

पुढच्या रविवारी ये. आता डॉक्टरांनी बोलायला मोकळं केलं असेल, तरी बोलू नकोस, नुसता तिच्याजवळ बस.

वाट बघणारी,
प्रमोदिनी